जावेच्या आजाराचा हेवा

अंबुजा चेन्नईतल्या मैलापूरच्या एका शाळेत गणित शिकवायची. घराणं तंजावरकडचं, घरात जुनी मराठी, उंबऱ्यापलीकडे तमिळ. २००५च्या सुमारास तिचं अंग दुखायला लागलं. मान, खांदे, कंबर, गुडघे, एक जागा धड नव्हती. झोपून उठलं तरी खडी फोडून आल्यासारखं वाटायचं. जवळच्या डॉक्टरांनी आधी कॅल्शियम दिलं, मग वेदनाशामक गोळ्या, आणि शेवटी म्हणाले, "चाळिशी उलटली, आता असं चालायचंच." नवरा बालाजीराव म्हणाले, "मनावर घेऊ नकोस."

त्याच वर्षी धाकटी जाऊ विद्युलता हिची बोटं सुजली. तपासणीत संधिवात निघाला, सांधे आतून खाणारा. आणि घराची रीतच बदलली. सासूबाई अन्नपूर्णाबाई तिला पाणी तापवून द्यायच्या, तिची वेणी घालायच्या. ग्राइंडरमधून इडलीचं पीठ काढणं, जड कुकर उतरवणं आपसूक अंबुजाकडे आलं. आल्यागेल्यापुढे सासूबाई विद्युलतेचा हात उचलून दाखवायच्या, "पाहा हो पोरीचे हाल!" कॉफीचे पेले घेऊन उभ्या अंबुजाचा जीव जळायचा. हेवा, तोही आजाराचा! तिला स्वतःची लाज वाटायची, पण तो हटत नव्हता. न्हाणीघरात ती आपली बोटं उजेडात धरून पाहायची, कुठे सूज दिसतेय का.

विद्युलतेला संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेणारीही तीच. एकदा धीर करून ती डॉक्टर नंदितांना म्हणाली, "माझंही रक्त तपासा ना." रिपोर्टाच्या आदल्या संध्याकाळी देवळात कपालीश्वरापुढे हात जोडून तिने मागणं मागितलं, रिपोर्टात काहीतरी निघू दे.

काहीच निघालं नाही.

"सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि अंबुजा हमसून रडू लागली. विद्युलता घाबरली. डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला आणि झोप कशी लागते, थकवा किती, दुखणं कुठून कुठे फिरतं, सगळं विचारून घेतलं. मग एकेक सांधा चाचपला. नंतर मानेखाली, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आत अंगठ्याने दाबत गेल्या. प्रत्येक ठिकाणी अंबुजा कळवळली.

"तुमच्या जावेचे सांधे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडून राहतात. तुमच्या सांध्यांना सूज नाही. थायरॉईड कमी असला तरी अंग असंच दुखतं, म्हणून तोही पाहिला. तो ठीक आहे. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. रक्तात दिसत नाही, पण दुखणं खरं आहे."

"यात बोटं वाकडी होतात?"

"नाही."

आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, अंबुजा हिरमुसली.

परतताना ऑटोत विद्युलता अंबुजाच्या बोटांकडे पाहत होती. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही आरशापुढे झरझर वेणी घालता ना, मला बघवत नाही. वाटतं, यांचे हात मला का नाहीत."

"आणि मला तुझी सूज हवी होती गं."

मग विद्युलतेला हसू फुटलं, तशी अंबुजाही हसली.

घरी सासूबाईंना ते नाव उच्चारताच येईना. "रिपोर्ट चांगला आला म्हणजे काही नाही ना?"

"आहे, अत्तै," विद्युलता ठणकावून म्हणाली. "आजपासून पीठ भावजी काढतील."

बालाजीरावांनी पीठ काढलं, अर्धं ओट्यावर सांडलं.

अंबुजा झोपेसाठी दिलेली लहानशी गोळी घेऊ लागली. देवळाच्या तळ्याभोवती आधी थोडं, मग जरा जास्त चालू लागली. दुखणं गेलं नाही. कमी झालं, पुन्हा वाढलं, पुन्हा कमी झालं. शाळेतली नोकरी सुटली नाही. पाहुणे मात्र अजूनही आधी विद्युलतेच्या हाताचीच चौकशी करत, आणि अंबुजाला ते अजूनही लागे.