रिकाम्या जागेवरची रेघ

ती घटना आठवली की आजही माझ्या मिशा ताठ होतात. मिशा काढून चार वर्षं झाली, तरी होतात.

जबलपूरला ठाण्याचा प्रभारी होतो. मी ओरडलो की कमानिया गेटवरची कबुतरं उडत. एका सकाळी निनावी फोन आला, "घमापुर में विकलांग बच्चों का केंद्र बोगस है. जांचनेवाले बुजुर्ग ने पैसा खाकर पास कर दिया."

शहरातली एक संस्था अशा केंद्रांना निधी द्यायची. त्याआधी जाणती माणसं जागेवर जाऊन प्रस्ताव तपासत आणि गुण देत. मी घमापुर गाठलं. प्रस्तावातल्या पत्त्यावर केंद्र नव्हतं, म्हशी होत्या. चार. एक तर हत्तीची थोरली बहीण! संस्थेच्या फायलीतल्या तपासणी अहवालात मात्र लिहिलेलं, 'केंद्र पाहिले. उत्तम. शंभरपैकी नव्वद.'

खाली सही होती खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका तपासनीसाची. दुपारी त्यांना ठाण्यात आणलं. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला: संध्याकाळपर्यंत अटक झाली पाहिजे. अटकेचे कागद तयार करायला सांगून मी त्यांच्यासमोर बसलो.

"काका, या वयात काहून केलं हे?"

"सही माझ्यासारखी आहे, अहवाल माझा नाही. मी शून्य दिलं होतं."

मी असा गरजलो की भिंतीचा पोपडा पडला. काका हलले नाहीत.

"चाळीस वर्षं माझ्या सहीवर माल फौजेत गेला, साहेब. आज तुम्ही तिलाच चोर म्हणून राहिले."

जबाब लिहून पुढे सरकवला. त्यांनी सही केली आणि खालच्या कोऱ्या अर्ध्या पानावर तिरपी रेघ ओढली.

"हे काय?"

"सवय. रिकाम्या जागेत मागाहून कोणी काही लिहिलं, तर गोळा आपल्याच जवानाच्या हातात फुटते."

मी खुर्चीतून उडालोच. संस्थेच्या कार्यालयात जाऊन त्यांचे जुने अहवाल काढले. प्रत्येकावर रेघ. फक्त घमापुरच्या अहवालात अर्धं पान कोरं!

आवक नोंदवणाऱ्या बाबूला समोर बसवलं.

"आला तसा फाइलला लावला, जी. घमापुर तर मी पाहिलंच नाही."

मी आवाज उतरवला. माझा आवाज उतरला की ठाण्यातले शिपाई बाहेर सरकत.

"काका म्हणतात, तिथे केंद्रच नाही."

"अरे साहब, चार भैंसें बांध दीं तो क्या केंद्र..." बाबूने जीभ चावली.

"म्हशींचं मी बोललोच नाही, भैया."

त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. अर्जदार त्याचा मेहुणा निघाला. संस्थेच्या वरिष्ठांकडून चौकशी येणार असं कळताच काकांना अडकवायला फोनही त्यानेच केला होता. खरा अहवाल त्याच्याच कपाटात, व्यवस्थित टाचून ठेवलेला: 'म्हशी चार. मुले नाहीत. शून्य.' खाली सही, तिरपी रेघ.

"जाळला काहून नाहीस?"

"आवक नंबर पडलेला कागद, साहब! नौकरी में कभी नहीं जलाया."

माणूस तोंडाने गोष्ट फिरवतो, हाताची सवय फिरवता येत नाही, एवढं या प्रकरणाने शिकवलं. दुसरी गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी परतलो, तेव्हा अटकेचे कागद टेबलावर होते. काकांचं नाव टाइप केलेलं, खाली माझी सही, जबाबाआधीच करून ठेवलेली. कारणाची जागा मी रिकामी सोडली होती.

काकांनी ते पाहिलं. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. आणि पेन माझ्यापुढे केलं.