ठिपक्यांमागचं नाव

कडेगावात बचत गटाच्या बायकांना मी संगणक शिकवत होतो. त्यातल्या एक मावशी कळफलकाला हात लावण्याआधी दर वेळी बोट पदराला पुसायच्या. दुपारी त्यांचा पासवर्ड तीनदा चुकला, तेव्हा मी म्हणालो, “मला सांगा, मी टाकतो.”

त्यांनी मान खाली घातली. विसरल्या म्हणावं, तर चेहरा तसा दिसेना.

शेजारची बाई हसली. “आवं सर, मालकाचं नाव ठेवलंय त्यांनी. तोंडानं कसं घेतील?”

मग मावशींनीच एकेक अक्षर शोधून नाव टाकलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले आणि पान उघडलं. मावशी खुलल्या. “ह्ये लय ब्येस हाय. नाव घेतलं बी, आन कुणाला कळलं बी न्हाई.”

घरच्या माणसाचं नाव पासवर्डला ठेवू नये, हे आता सांगावं की नको, मला कळेना. गोंधळात मी कागदावरची पुढचीच सूचना वाचली, “पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा.”

मावशींचं बोट पदरातच थांबलं.

“तीस वर्सं झाली सर,” त्या म्हणाल्या, “तवापासनं न्हाई बदलला. आता कसा बदलू?”