आफ्रिकेला वळसा

रियाधच्या अल मलाझ भागात आमच्या हॉस्पिटलमागे एका मराठी दुकानदाराचं किराणा दुकान आहे. माणूस रत्नागिरीकडचा. मला पाहिलं की ते हिंदी सोडून मराठीत "काय सिस्टर, ड्यूटी खलास?" असं दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायचे. काउंटर स्वच्छ असला तरी बोलता बोलता फडक्यानं पुसत राहायचे.

त्यांचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत, त्या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि भाऊ बेपत्ता झाला. दुकानातल्या टीव्हीसमोर गिऱ्हाइकं तावातावानं बोलायची, "ती चिंचोळी पट्टी ज्याच्या हातात, त्याच्यापुढे भलेभले देश नमणार!" हे मात्र तोच काउंटर पुन्हा पुन्हा पुसायचे.

एका दुपारी मी गेले, तेव्हा जहाज कंपनीचा फोन नुकताच येऊन गेला होता. भावाचा शोध थांबवला, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात गावाहून त्यांच्या आईचा फोन आला. त्यांनी घसा साफ केला.

"होय अम्मी, आला होता कंपनीचा फोन. बरा आहे तो. इकडचा रस्ता बंद झालाय ना, म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून चाललंय. तिथून फोन लागत नाही. उशीर होणारच."

फोन ठेवून त्यांनी फडकं हातात घेतलं. मग हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, त्या वळशाला जास्तीत जास्त किती दिवस लागत असतील?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी मी म्हणाले, "बरेच लागतात."