आधी पुरावा, मग चावी

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला पोचा आला, तेव्हा तो कुणी पाडला हे विचारायची घरात कुणालाच गरज वाटली नाही. गाडी चालवणारी माणसं दोन, माझे सासरे आणि मी. सासरे तीस वर्षं चालवत होते, मी दोन. निकाल आधीच लागला होता, आरोपीला कळवायचं तेवढं बाकी होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी पुण्याहून लग्न करून बेंगळुरूला आले होते. सासरचं घराणं तिथं कित्येक पिढ्या राहिलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की मला पहिले काही महिने अर्धंच कळायचं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. नवरा कंपनीच्या बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा, त्यानं गाडी शिकायचं कधी मनावरच घेतलं नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट गेजला लावून बघायचा, बसला तर पास, नाही तर बाद. सकाळी सातला हजर व्हावं लागे. दोन बस बदलून ते जमत नाही, हे मी लेटमार्क खाऊन शिकले होते. थोडक्यात, गाडी होती म्हणून नोकरी होती.

त्या सोमवारी सकाळी चावी अण्णांच्या शर्टाच्या खिशात गेली.

“अण्णा, मी नाही ठोकली गाडी.”

“पुरावा?” अण्णा कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेले. जन्मभर दुसऱ्यांचे पुरावे फायलीत लावून हा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता.

“मीच ठोकली, याचा तुमच्याकडे आहे?”

“मला कशाला पाहिजे? गाडी माझी आहे. बसनं जा, नाहीतर सोड ती नोकरी. स्वल्प घरात बस.” ‘स्वल्प’ म्हणजे ‘जरा’, एवढं कन्नड मला तोवर कळायला लागलं होतं.

अक्का कॉफी गाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्यानं वर्तमानपत्र जरा उंच धरलं. मला इतका राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हणाले, “ठीक आहे. आजपासून मी रोज पुरावा आणते. पण चावी द्या.”

अण्णा हसले. “सरी,” म्हणजे बरं, “पुरावा आण, चावी ने.” सून कसला पुरावा आणणार, असं त्यांना वाटलं असणार.

आता काचेला चिकटवायचे काडेपेटीएवढे कॅमेरे मिळतात आणि महिन्याभराचा प्रवास नखाएवढ्या कार्डावर मावतो. तेव्हा यातलं काही नव्हतं. आमच्या कपाटात दिरांनी परदेशातून आणलेला व्हिडिओ कॅमेरा होता, विटेएवढा जड. तो निघायचा लग्न-मुंजीला. मी तो काढला, तेव्हा देव्हाऱ्यातला देव बाजारात नेत असल्यासारखं सगळे माझ्याकडे बघू लागले.

पहिला प्रश्न, बसवायचा कुठे? डॅशबोर्डच्या मधोमध अक्कांचा गणपती चिकटवलेला. तो हलवायचा नाही, असं अक्कांनी बजावलं. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही, असं अण्णांनी बजावलं. “गाडीला भोक पाडलंस तर बघ.” मी कापडी पिशवीत नाचणी भरून तिची गादी केली आणि त्यावर कॅमेरा ठेवला. पहिल्याच स्पीडब्रेकरला तो घसरून माझ्या मांडीवर आला. मग कॅमेऱ्याचा उसना स्टँड आणून शेजारच्या सीटवर बेल्टनं बांधून पाहिला. टेपमध्ये रस्त्याऐवजी पूर्ण वेळ आभाळ आलं.

तोडगा कारखान्यात सुचला. शेजारच्या सीटची डोकं टेकायची उशी दोन दांड्यांवर बसलेली असते. ती उपसली की सीटच्या डोक्यावर दोन आयती भोकं! मी भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी मागून घेतली, तिला दोन दांडे बसवले आणि खाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. कॅमेऱ्याच्या बुडाचा आटा मात्र आपल्याकडच्या कुठल्याच बोल्टला जुळेना. शेवटी इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या जुन्या बाजारात एक मोडका स्टँड घेतला आणि त्याचा स्क्रू काढून लावला. कॅमेरा खांबासारखा ठाम उभा राहिला. चित्रात खाली अक्कांचा गणपती आणि वर सगळा होसूर रस्ता. आणखी एक फायदा मी कुणाला बोलून दाखवला नाही. कॅमेऱ्यासमोर डोकं येईल म्हणून त्या सीटवर कुणाला बसता येईना. म्हणजे शेजारी बसून “ब्रेक! ब्रेक!” ओरडणारे अण्णा आता मागच्या सीटवर.

दुसरा प्रश्न साठवणीचा. नवरा म्हणाला, मुंजीची जुनी टेप आहे, तीच पुसून वापर. अक्का म्हणाल्या, मग मलाच पूस. मी दीड तासाच्या दोन कोऱ्या टेप घेतल्या आणि एकीवर लिहिलं ‘जाताना’, दुसरीवर ‘येताना’. रोज संध्याकाळी बघायच्या, काही घडलं नसेल तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच पुन्हा भरायचं. घडलं असेल तर टेपच्या कडेची लाल पट्टी सरकवायची. ती सरकवली की त्या टेपवर पुन्हा काही भरता येत नाही.

मला वाटलं होतं, अण्णा दोन दिवसांत कंटाळतील. झालं उलटंच. रोज जेवणाआधी टीव्हीला वायरी जोडायच्या आणि सगळ्यांनी माझं ड्रायव्हिंग बघायचं, असा नेमच पडला. अक्का पडद्यावरच्या गणपतीला हात जोडून बसायच्या. अण्णा बोट रोखून बोलायचे. “इथं क्लच उशिरा दाबलास. त्या लॉरीला का जाऊ दिलंस? आणि या शिव्या कुणाला?” शिव्या मी बसवाल्याला घातल्या होत्या, पुणेरी होत्या, आणि टेपवर स्पष्ट आल्या होत्या. पोच्याबद्दल आता कुणी बोलत नव्हतं. पुरावा द्यायला म्हणून मी दार उघडलं आणि सगळं घर माझ्या गाडीत येऊन बसलं. एकदा वैतागून मी म्हणाले, पुरे आता. अण्णा म्हणाले, “कर नाही त्याला डर कशाला?”

ते मला झोंबलं. दिवसभर पार्ट गेजला लावताना तेच डोक्यात होतं. आमच्या कारखान्यात गेज एकच असतं. जुन्या मशीनचा पार्ट आहे म्हणून त्याला कुणी न तपासता पास करत नाही.

रविवारी अण्णा शिवाजीनगरच्या बाजूला एका जुन्या मित्राकडे जात, पत्ते कुटायला. त्या रविवारी ते निघाले, तर मी आधीच गाडीपाशी उभी होते.

“हे काय?”

“टेप घातलीय. जो गाडी नेईल त्याचा पुरावा.”

“मी तीस वर्षं चालवतोय!”

“मग आम्हाला शिकायलाच मिळेल. कर नाही त्याला डर कशाला, अण्णा?”

अक्का दारात उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलल्या. “न्या की. कॅमेरा काय चावतोय?” मी बटण दाबून दिलं. अण्णांनी दार इतक्या जोरात लावलं की गणपती हलला.

संध्याकाळी मी वायरी जोडल्या. पडद्यावर काळोख. अण्णांनी निवांत पाय पसरले. “टोपी राहिली वाटतं लेन्सवर. सरी, बंद कर.” निघताना टोपी दोरीला लोंबत होती, मी स्वतः पाहिली होती. ती आपोआप लेन्सवर बसत नाही. त्यांना कॅमेरा म्हणजे फक्त डोळा वाटला होता. माझ्या शिव्या महिनाभर ऐकूनही त्याला कानही आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मी बंद केला नाही. आवाज वाढवला.

काळोखात इंजिन घरघरलं, हॉर्न वाजले, कुणीतरी भाजी ओरडून विकत होतं. मग गाडी रिव्हर्समध्ये पडल्याचा आवाज, आणि पत्र्यावर दगड घासल्याचा लांब, कर्कश आवाज. आणि मग अण्णा, अगदी जवळून.

“अय्यो! पुन्हा त्याच खांबाला!” मग हळू आवाजात, “बाप्पा, तू बघितलंस. पण तू स्वल्प गप्प बैस.”

अक्कांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या आणि आतूनही हसण्याचा आवाज येत राहिला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी विनवलं, जाऊ दे. मला हसू येत नव्हतं. ‘पुन्हा’ म्हणजे पहिला पोचाही त्यांचाच. आणि महिनाभर हा माणूस समोर बसून माझा क्लच तपासत होता. मी टेप काढली आणि सगळ्यांसमोर तिची लाल पट्टी सरकवली.

“अगं, पूस की,” नवरा म्हणाला.

“का? यात काही घडलं नाही?”

अण्णा उठून खोलीत गेले. त्या रात्री जेवताना कुणी बोललं नाही, आणि बोलणं सुरू करायची जबाबदारी माझी आहे असं मला जराही वाटलं नाही.

सकाळी मी गेटच्या आत उघड्याच असलेल्या गाडीत सीटवरून कॅमेऱ्याची पट्टी उतरवली आणि दोन भोकांत उशी परत बसवली. अण्णा पायरीवर उभे होते. त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. नजर गेटकडे. “घे. उशीर होईल तुला.”

मी हात पुढे केला नाही. त्यांच्या हातून घेतली असती, तर संध्याकाळी त्यांच्याच हातात द्यावी लागली असती. मी आत जाऊन हातोडी आणली आणि दाराशेजारी, सगळ्यांचा हात पोचेल अशा उंचीवर, एक खिळा ठोकला.

“इथं लावा,” मी म्हणाले. “ज्याला जायचं असेल तो घेईल.”

गिलाव्याचा टवका उडून अण्णांच्या पायाशी पडला होता. त्यांनी तो बघितला, खिळ्याला चावी अडकवली आणि बाजूला झाले. मी ती काढून घेतली आणि कामावर गेले. भिंतीला भोक का पाडलंस, असं मला कुणीही विचारलं नाही.