दुसऱ्यांदा घातलेलं गाऱ्हाणं

संध्याकाळी सातला आमच्या चाळीत कुणी गॅसवर काही ठेवायचं नाही. ठेवलं तर करपायचंच. सातला एका मराठी चॅनलवर सोडतीचा कार्यक्रम लागायचा आणि दहिसरच्या आमच्या गल्लीत घराघरांतून एकच आरडाओरडा ऐकू यायचा, "पाकीट घे गं बाई, पाकीट घे!"

कार्यक्रम अगदी साधा होता. मसाल्याच्या पुड्यात कूपन यायचं, त्यावरचा नंबर मोबाइलवरून पाठवायचा. त्यातून रोज एक कुटुंब निघायचं. त्यांना स्टुडिओत उभं करायचे, समोर रंगीत खोके. एका खोक्यात गाडीची चावी, बाकीच्यांत मिक्सरपासून लाटण्यापर्यंत काहीही. त्यांनी एक खोका निवडला की सूत्रसंचालक खिशातून पैशांचं पाकीट काढून त्यांच्या नाकासमोर नाचवायचा. खोका सोडा, पाकीट घ्या! मग नवरा म्हणणार खोका, बायको म्हणणार पाकीट, सासूच्या डोळ्यांत पाणी, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात. आमचा जीव टांगणीला.

प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांना आमच्याकडे अशी गर्दी कधी झाली नाही. तिथे थोड्या वेळाने सगळे गप्प व्हायचे, कारण उत्तर येत नाही हे शेजाऱ्यासमोर कोण दाखवणार? इथे कुणाला काही यायची गरजच नव्हती. कलेक्टर असो की धुणंभांडी करणारी, खोक्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही. त्यामुळे बँकेत गेली की जिची वाचा बसते ती माझी आई सातला टीव्हीसमोर साऱ्या महाराष्ट्राची अक्कल काढायची. "पाकीट सोडल्यान गो मेलेन! हिका काय कळता काय?" मी आईला हसायचे. आणि हसता हसता मी पण गुपचूप कूपनं पाठवायचे.

गाडी घेऊन मी करणार काय होते? चाळीत ती ठेवणार कुठे, डोक्यावर? मला फक्त एकदा चाळीला काहीतरी झकास दाखवायचं होतं. लग्न झालेली बाई मी, माहेरी येऊन राहिले होते. नवरा मस्कतला नोकरीला गेलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तो मुलुंडला होता, दुसऱ्या बाईबरोबर. हे फक्त मला, आईला आणि बाबांना माहीत होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

आणि एक दिवस आमचा नंबर लागला. चॅनलमधल्या मुलीचा फोन आला. अभिनंदन वगैरे झाल्यावर ती म्हणाली, "मॅम, तुमच्या फॅमिलीत काही खास आहे का? म्हणजे नाच, गाणं, मिमिक्री? खास असेल तरच पुढे जातं." आमच्या घरात काय खास असणार, कप्पाळ? हातचं जाईल या भीतीने मी बोलून गेले, "माझे बाबा गाऱ्हाणं घालतात." ती एकदम खूश. "वॉव, ते मालवणी ना? होय म्हाराजावालं? सुपर!"

माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीतल्या एका टॉवरमध्ये लिफ्टवर बसले. तिथे लोकांना ते नावाने कधी माहीत झाले नाहीत. पण चाळीत त्यांचा मान होता तो गाऱ्हाण्यामुळे. गाऱ्हाणं म्हणजे मंत्र नव्हे. कोकणातली माणसं नारळ ठेवून देवाशी आपल्या भाषेत बोलतात, घरात काय चाललंय ते सांगतात, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणतात, आणि बाकीचे प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. बाबांचं गाऱ्हाणं एकदम तपशीलवार. कुणी हॉस्पिटलात असेल तर वॉर्ड कुठला, खिडकीकडची खाट की दाराकडची, सगळं देवाला सांगायचे. कुणाच्या मुलाला पवईला नोकरी लागली तर कुठल्या गेटने आत जातो तेही. मी चिडवायचे, "बाबा, देवाला पिनकोड पण द्या." ते म्हणायचे, "हसा नको. तेका खरा काय ता सांगूक होया, मगे तो बघता." देवाला खरं सांगायचं, एवढा एकच त्यांचा नियम होता. चाळीत पोरीच्या लग्नाची पत्रिका देवापुढे ठेवायची असो की ऑपरेशनला जायचं असो, लोक आधी बाबांना हाक मारायचे.

स्टुडिओ अंधेरीला होता, एका गल्लीच्या टोकाला, बाहेरून नुसतं गोदाम. आत मरणाचा गारठा. बाबा इस्त्रीच्या पँट-शर्टमध्ये आले होते. हेडफोन लावलेल्या एका मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टोपी आणि पंचा आणून दिला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मीच ती टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. "असू दे ना बाबा, कार्यक्रम आहे." आईला लिपस्टिक लावली होती आणि ती ओठ मिटायला घाबरत होती.

कॅमेरे सुरू झाल्यावर सूत्रसंचालकाने घरची चौकशी केली. "आणि जावईबापू कुठे आहेत?" मी तयारच होते. "मस्कतला असतात," मी गोड हसून म्हणाले. समोरच्या बाकांवर बसवलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मस्कतला टाळ्या! मग आम्ही निळा खोका निवडला, पाकीट नाकारलं, आणि तो म्हणाला, "आता काका, तुमचं ते फेमस गाऱ्हाणं होऊन जाऊ दे!"

बाबांनी चपला काढल्या. स्टुडिओच्या त्या चकचकीत फरशीवर अनवाणी उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! तू गावाक, आमी हयसर, पण तुझा लक्ष आमच्यार आसा." समोरचे लोक ओरडले, व्हय म्हाराजा. "ह्या माझ्या चेडवाक तेच्या घोवान टाकल्यान, म्हाराजा. तो मुलुंडाक ऱ्हवता. चेडू कोणाक सांगना नाय. भायर हसता नि मोरीत नळ सोडून रडता. तेच्या मनातला वझा हलका कर, म्हाराजा."

या वेळी समोरून साथ आली नाही. फक्त आई हलक्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

माझं काय झालं असेल! धरणी दुभंगावी असं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. कानांतून वाफा निघत होत्या. माझ्या मनात बाबांबद्दल जे आलं ते लिहायचं धाडस मला होत नाही. गाडीसाठी आलोय ना इथे? मग गाडी मागा की! लेकीला नवऱ्याने टाकलं, ही लक्तरं कशाला काढलीत?

"कट, कट!" हेडफोनवाली मुलगी धावत आली. "काका, फार सॅड झालं हो. जरा मजेशीर करा ना, छोटं. खोक्यातून गाडी मागा. जावई मस्कतहून येणार, त्यांना फिरवायला गाडी हवी, असं काहीतरी. मस्त होईल."

बाबांनी चपला पुन्हा पायांत घातल्या होत्या, त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, "एकदा सांगलंय मी देवाक. परत परत हाक मारूक तो काय दुकानातलो पोरगो हा?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी बाबांचा दंड धरला आणि कानाशी गेले. म्हणाले, "बाबा, ती सांगते तसंच बोला. मस्कतच बोला. नाहीतर मी चाळीत तोंड कसं दाखवू?"

"देवाक मस्कत सांगू?" त्यांनी विचारलं.

"हो. सांगा."

माझा आवाज चढला होता. बाबांनी मान हलवली. ते पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी चपला काढायचं त्यांना सुचलं नाही, की त्यांनी काढल्याच नाहीत, कोण जाणे. "बा देवा म्हाराजा! जावई माझो मस्कताक आसा, म्हाराजा! तो येतलो, तेका फिरवूक आमका गाडी होयी, म्हाराजा! ह्या खोक्यातसून गाडी गावान दे, म्हाराजा!" समोरचे लोक आता रंगात आले होते. टाळ्यांच्या ठेक्यावर व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. ढोलकीवाल्याने थाप मारली. सूत्रसंचालक कंबर हलवत बाबांच्या भोवती फिरला. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

खोक्यातून तेलाशिवाय तळायचं यंत्र निघालं. आमच्या घरात, जिथे बांगडा तेलात पोहला नाही तर आई जेवत नाही!

भाग लागला त्या दिवशी आख्खी चाळ आमच्या दारात. पहिलं गाऱ्हाणं दाखवलं तर वाट लागली. नाही दाखवलं. फक्त दुसरं दाखवलं, वर ढोलकी वाढवून. मला हायसं वाटलं. बाबा एका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, सगळे त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मला हायसं वाटत होतं. मग तो तुकडा कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि गावभर झाला. रिक्षावाले, भाजीवाली, लिफ्टच्या टॉवरमधली ती माणसंसुद्धा, बाबांना बघितलं की हात वर करून म्हणायची, "काका, व्हय म्हाराजा!" बाबा हसून हात हलवायचे. मला वाटलं, चला, बाबा खूश आहेत.

त्यानंतर शेजारच्या काकूंच्या मुलीची सुपारी फुटली. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. गाऱ्हाण्याला बाबांना बोलवायला काकू स्वतः आल्या, तर बाबा म्हणाले, "घसो बसलो हा." मी हळदीचं दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. पुढे कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाचा पोरगा परीक्षेला बसला. प्रत्येक वेळी बाबांचा घसा बसलेला. आणि घरात आईशी भांडताना मात्र आवाज खणखणीत. मग मी एकदा चिडलेच. ते शर्टाला इस्त्री करत होते. "काय नाटक आहे बाबा? लोक काय म्हणतील, टीव्हीवर आले आणि शेफारले?"

त्यांनी इस्त्री उभी केली. "देवासमोर खोटा बोललंय मी, गो. आता दुसऱ्याचा गाऱ्हाणा खंयच्या तोंडान घालू? तेचा काम नाय झाला तर माझ्यामुळे नाय झाला असा होतला."

रागावून बोलले असते तर मीही चार शब्द बोलले असते. ते सरळ सांगत होते, रेशनवर साखर संपली सांगावं तसं. मी म्हणाले, "बाबा, तो नुसता टीव्हीचा कार्यक्रम होता." ते कॉलर इस्त्री करायला लागले. शी! काय बोलले मी? आधी 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणायचे होते, ते राहूनच गेले.

मग चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. दरवर्षी मधल्या चौकात मांडव घालतात. पूजा, कथा, आरती झाली की प्रसादाआधी गाऱ्हाणं, आणि ते बाबांचंच. मी काकूंबरोबर केळीची पानं पुसत होते. मनात आलं, बाबांचं सगळं बंद पडलंय ते माझ्या मस्कतपायी, तर निदान एका माणसाला खरं सांगावं. म्हणाले, "काकू, माझा नवरा मस्कतला नाहीये."

काकूंनी पान पुसायचं थांबवलंसुद्धा नाही. "माहितीय गं. मुलुंडला असतो ना? आमच्या भाच्याने केव्हाच बघितला होता, त्या बाईबरोबर. चाळीत सगळ्यांनाच माहितीय. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही." आणि मायेने माझ्या पाठीवरून ओला हात फिरवला.

आरती संपली. नारळ मांडला. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी घशाला हात लावला. मग काकूच पुढे झाल्या, त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. "असू दे, काकांना त्रास नको. मोबाइलमध्ये आहे ना त्यांचं!" त्यांनी फोन नारळाशेजारी उभा केला आणि आवाज वाढवला.

जावई माझो मस्कताक आसा, म्हाराजा. स्टुडिओतले लोक ओरडले, ढोलकी वाजली, आणि मांडवातली सगळी चाळ, जिला मुलुंड कधीपासून ठाऊक होतं, हात जोडून मनापासून म्हणाली, "व्हय म्हाराजा." बाबांनी हात जोडले नव्हते. ते देवाकडे बघत नव्हते, खाली बघत होते. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. लहानपणापासूनच्या सवयीने माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं, आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.