वाटप झालेले चष्मे

कळंबच्या बाजारपेठेत माझं औषधाचं दुकान आहे. चार लोकांत मान मिळावा म्हणून मी गावच्या सेवा क्लबात शिरलो आणि दोन वर्षांत सचिव झालो. कामापेक्षा पदं जास्त असल्यानं तिथं कुणीच बिनपदाचं राहत नसे.

त्या वर्षी आम्ही ढोकीजवळच्या एका खेड्यात नेत्रतपासणी शिबिर घेतलं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर कागदावर उतरवले. "पंधरा दिवसांत चष्मे घरपोच!" अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं. फोटोसाठी त्यांनी एका आजींच्या डोळ्यांवर स्वतःचाच चष्मा चढवला आणि फोटो निघताच काढून घेतला.

तीन महिन्यांनी त्या आजी एसटीनं आल्या, विचारत विचारत थेट माझ्या दुकानात.

"दादा, चष्मा कवा येणार? तांदळातलं खडं दिसंना झालेत."

"येईल आजी, प्रक्रिया चालू आहे."

कसली प्रक्रिया, ते मलाही ठाऊक नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, शिबिरप्रमुखांना विचारा. शिबिरप्रमुख म्हणाले, यादी सचिवाकडं असते. सचिव मीच! "बघतो," म्हणालो आणि बघितलं नाही. वार्षिक अहवालात मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चष्मेवाटप पूर्ण'. वर आजींचा फोटो. त्या अहवालावर क्लबाला उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार मिळाला.

पुरस्काराच्या कार्यक्रमादिवशीच आजी पुन्हा कळंबला आल्या. माझं दुकान बंद दिसलं, तेव्हा शेजाऱ्यानं त्यांना मंगल कार्यालयात धाडलं. मी अहवाल वाचत होतो, पडद्यावर त्यांचा फोटो होता. आजी मागच्या रांगेतून पुढं आल्या.

"व्हय, फोटू माझाच हाय. पर चष्मा त्या सायबाचा हाय. माझा कुठं हाय?"

सगळ्यांच्या माना आजींकडं वळल्या. पण अध्यक्ष मुरलेले. "आजींचा सत्कार करू या!" म्हणाले. शाल, नारळ, टाळ्या, पुन्हा फोटो. नारळ हातात धरून आजी माझ्याकडंच बघत होत्या. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा खण उपसला. औषध कंपन्यांच्या डायऱ्यांखाली यादी सापडली. कुणी काही खाल्लं नव्हतं, कुणी काही लपवलं नव्हतं. मी फक्त खण उघडला नव्हता. चष्मे करवून घेतले आणि स्वतः घरोघर वाटले. आजींनी चष्मा लावून आधी मला न्याहाळलं.

"तुमीच व्हय ते प्रक्रियावाले?"

पुढच्या बैठकीत मी म्हणालो, "अहवाल खोटा होता, यादी माझ्याकडं पडून होती. इतिवृत्तात तसं लिहू या."

"असलं कुठं लिहितात का?" अध्यक्ष म्हणाले. "'सविस्तर चर्चा झाली' लिहा."

मी खरं तेच लिहिलं. महिनाभरात नवे सचिव आले आणि मी 'मार्गदर्शक' झालो. मार्गदर्शकाला बैठकीचं बोलावणं जात नाही.

यंदा क्लबानं कानांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. यादी कुणाकडं आहे, असं मी तिघांना फोन करून विचारलं. तिघांनीही दुसऱ्याचं नाव सांगितलं.