हळदीच्या तुपात बुडवलेला कॅमेरा

चहा घेताघेताच सांगते, पण घोट गिळून घ्या आधी. हसताना ठसका लागला तर मला बोलू नका.

माझ्या अंगातलं रक्त कमी होऊन राहिलं होतं. आतड्यात कुठंतरी बारीक जखम, पण सापडत नव्हती. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, "मावशी, गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. तो आतून फोटो काढत जाईल. जखम दिसली तर औषध देऊ, नाही दिसली तर पोट उघडून शोधावं लागेल."

पोट उघडणार? माझं पोट म्हणजे काय हळदीचं पोतं हाय?

"तो आतड्याला घासंल न्हाई का?" मी विचारलं.

"नाही घासत. आतडं आतून ओलं, गुळगुळीत असतं. तुम्ही फक्त रात्रीपासून उपाशी राहा."

आता तुमीच सांगा, उपाशी माणसाचं आतडं ओलं कसं राहील? आमच्या कुरुंदा गावात बैलगाडी बाहेर काढायची तर आधी चाकाच्या आसाला वंगण घालतात. कोरडा आस कुरकुरतो, झिजतो. माझ्या आतड्यात तर आधीच जखम, अन् त्यावरून ही कोरडी गोळी नेणार? डॉक्टर शिकलेला असंल, पण बैलगाडी हाकली असंल का त्यानं कधी?

मी गुपचूप तुपाची डबी पिशवीत टाकली. त्यात घरची हळद कालवली. तूप घसरायला, अन् घासलंच कुठं तर हळदीनं जागीच भरून यावं.

सकाळी नर्सबाईनं माझ्या पोटाला फोटो साठवणारा पट्टा बांधला, लुकलुकणारी गोळी तळहातावर ठेवली अन् पाणी आणायला वळली. मी डबी काढली, गोळी त्यात चांगली लोळवली, तोंडात टाकली. वरून उरलेलं तूपबी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कपाळाला हात लावून बसलेला. "मावशी, सगळं पिवळं. काहीच दिसत नाही. काही खाल्लं होतं?"

"मी? अन्नाचा कण न्हाई. तुमचाच कॅमेरा खराब, अन् त्यापायी माझं पोट फाडता काय?" असा आवाज लावला की बाहेरचे पेशंट दारात जमले.

आमचे मालक माझा पदर ओढून राहिले. "अगं, हळू बोल."

"काहून हळू? मी काय चोरी केली?"

डॉक्टरनं गुमान कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. "मावशी, हा कॅमेरा गिळल्यावर सुरू होत नाही. पाकिटातून काढला की लगेच सुरू होतो."

पडद्यावर मीच. नाक वांग्याएवढं, डोळे मांजरीवानी दाराकडं. मग डबी. मग पिवळं. मग माझे दात, तेबी पिवळे.

माझं तोंड उघडं, पण शब्द निघंना.

मालक पुढं सरकले. "डॉक्टरसाहेब, तो पहिला फोटो छापून मिळंल का? लग्न झाल्यापासून ही आज पहिल्यांदा गप बसली."

दुसऱ्या खेपेला नर्सबाईनं माझे दोन्ही हात धरले अन् गोळी स्वतः तोंडात टाकली. जखम सापडली, औषधानं भरली, पोट वाचलं.

फोटो मात्र मालकाच्या ट्रंकेत आहे. आता मी आवाज चढवला की ते भांडत न्हाईत. नुसते उठतात अन् ट्रंकेचं कुलूप चाचपतात.